आकडा वहीत, डबा फळीवर

काल रात्री साडेअकराला तू दोन कोटेशनचे फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "ताई, यातलं कुठलं घेऊ? मला काहीच कळत नाहीये." कळत नाही असं नाहीये गं. बाबांच्या मागे दोन वर्षं भिवंडीचं गोदाम तू एकटी सांभाळतेस. कुठली गाडी कधी लागली, कुणाची बिल्टी अडकली, सगळं तुला तोंडपाठ. गोंधळ इतकाच आहे की एक कोटेशन ईआरपीचं आहे, दुसरं डब्ल्यूएमएसचं, पण दोन्ही विक्रेत्यांनी 'इन्व्हेंटरी' हा एकच शब्द वापरलाय आणि दोघांच्या मनात अर्थ निराळा आहे. आधी चहा ठेव, मग वाच.

आईची घरखर्चाची वही आठव. साबुदाणा दोन किलो आणला, केवढ्याला, कुठल्या दुकानातून, उधारी किती राहिली, सगळं त्यात. ती वही म्हणजे ईआरपी. खरेदी, विक्री, हिशोब, जीएसटी, पगार, उत्पादन, सगळं एका जागी. पण चतुर्थीच्या सकाळी तो साबुदाणा कुठल्या फळीवर, कुठल्या डब्यामागे, आणि आधीचा उरलाय तो संपवायचा की नवा फोडायचा, हे वहीत सापडत नाही. ते आईच्या हाताला माहीत असतं. ते हाताचं ज्ञान यंत्रात उतरवणं म्हणजे डब्ल्यूएमएस, गोदाम सांभाळणारी सिस्टिम. आलेला माल कुठल्या रॅकवर ठेवायचा, ऑर्डर काढणाऱ्या मुलाने कुठल्या वाटेने फिरायचं, कुठली बॅच आधी संपतेय, हे ते सांगतं.

ईआरपी वाढलंच मुळी कारखान्यात. कच्चा माल किती लागेल हे मांडणाऱ्या जुन्या एमआरपी पद्धतीतून ते आलं आणि त्याला हे नाव गार्टनर या संशोधन कंपनीने १९९० मध्ये दिलं. त्यामुळे 'किती' आणि 'केवढ्याला' हे प्रश्न त्याला पहिल्यापासून सवयीचे आहेत. 'नेमकं कुठे' हा प्रश्न त्याच्याकडे मागाहून आला. बऱ्याच ईआरपींमध्ये आज गोदामाचा भाग असतो, पण तो तुझ्या कामाला पुरेसा खोल आहे का, हे तपासून घ्यायला हवं.

खरं सांगू का, मी हे पैसे घालवून शिकले. माझ्या गोदामात मी ऐन सप्टेंबरात ईआरपी सुरू केलं, दिवाळीच्या तोंडावर. माझ्या एकाही रॅकला नाव नव्हतं. सिस्टिममध्ये सगळा माल एकाच जागी दिसायचा, 'मुख्य गोदाम' म्हणून. पडद्यावर हळदीचे चाळीस बॉक्स आणि व्यापारी दारात उभा. दोन मुलं तासभर शोधत होती. बॉक्स सापडले ते जिन्याखाली, परत आलेल्या मालाच्या ढिगामागे. त्या रात्री मी गोदामातच पोत्यांवर बसून रडले. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. मी दुखणं न ओळखता औषध आणलं होतं.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही, म्हणून तू घाबरू नकोस. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये ईआरपी आणि आणखी दोन सिस्टिम्स एकदमच सुरू केल्या, त्याही हॅलोविनच्या हंगामाआधी. गोदामात चॉकलेट होती, दुकानांची मागणीही होती, तरी सुमारे दहा कोटी डॉलरचा माल वेळेत पोचला नाही. म्हणून सांगते, ऑगस्ट ते नोव्हेंबर काहीही नवीन सुरू करायचं नाही. संक्रांत झाली की कर.

आता तुझं दुखणं कुठलं ते बघू. उद्या एक दिवस ऑफिसच्या खुर्चीत बसू नकोस. ऑर्डर काढणाऱ्या मुलाच्या मागे मागे चाल. तो मिरचीच्या पाकिटांपुढे थांबतो, गोदामातल्या मामांना हाक मारतो, मामा लांबूनच बोट दाखवतात, "वरच्या फळीवर, डावीकडे." बघ, तुझं आजचं डब्ल्यूएमएस म्हणजे मामा आहेत. ते गावाला गेले की काय होतं, हे तुला गणपतीत कळलंच असेल. दिवसभरात अशा हाका किती पडल्या ते मोज. मग संध्याकाळी अकाउंटंटशेजारी बस. तिथे बिलं दोनदा टाइप होतायत का, उधारी जुळत नाहीये का, ई-वे बिलासाठी तोच आकडा पुन्हा भरला जातोय का, ते बघ.

हाका जास्त असतील तर डब्ल्यूएमएस. टायपिंग आणि जुळवाजुळव जास्त असेल तर ईआरपी. माझं मत विचारशील तर तुला आधी डब्ल्यूएमएस लागेल. तुझ्याकडे शेकडो प्रकारची पाकिटं, प्रत्येकाला एक्सपायरी, सुट्या नगांच्या ऑर्डरी आणि वर ऑनलाइनवाल्यांचे परतावे. तुझा हिशोब टॅलीत नीट चाललाय, तो मोडू नकोस. उद्या स्वतःचं दळण-पॅकिंग सुरू केलंस तर ईआरपीचा विचार कर. पूर्ण गाड्याच भरून जात असत्या आणि माल मोजका असता, तर मी उलट सांगितलं असतं.

मात्र दोन सिस्टिम्स ठेवल्यास तर मालाचा कोड दोन्हीकडे एकच हवा. टॅलीत 'मिरची २०० ग्रॅम' आणि स्कॅनरमध्ये 'एमआर-२००' असं झालं, की महिनाअखेरीला तू आणि अकाउंटंट दोघी डोकं धरून बसाल. शिल्लक मालाचा खरा आकडा कुणाचा मानायचा, तेही पहिल्या दिवशी ठरव.

आणि डेमो बघून हुरळू नकोस. साडी घेताना दुकानातल्या दिव्याखाली पसंत करत नाहीस ना, दारात उजेडात नेऊन बघतेस. तसंच त्या माणसाला तुझ्या गोदामात बोलाव. तुझ्याच मागच्या आठवड्यातल्या पन्नास ऑर्डरी त्याच्याकडून काढून घे, फाटलेल्या लेबलांसकट. मागच्या गाळ्यात, पत्र्याखाली, लोखंडी रॅकच्या मधोमध उभं राहून स्कॅनर चालतो का बघ. माझ्याकडे अशा कोपऱ्यात वायफाय पोचत नाही, हे मला स्कॅनर घेतल्यावर कळलं. वर्षाच्या देखभालीचे पैसे किती, माणसागणिक लायसन्स वाढतं का, आणि उद्या सोडायचं ठरवलं तर आपला डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळतो, हे लेखी माग. ईआरपीकडे वळलीस आणि तोवर प्रायव्हेट लिमिटेड झाली असलीस, तर त्यात ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, आहे ना हेही विचार. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला ते बंधनकारक आहे.

मामांना मात्र यातून वगळू नकोस हं. त्यांना वाटेल की यंत्र आलं, आता आपली गरज संपली. रॅकना नावं त्यांच्याकडूनच ठेवून घे. ते 'देवळाकडची भिंत' म्हणत असतील तर 'द' रांग होऊ दे. पहिला स्कॅनर त्यांच्याच हातात दे.

येत्या रविवारी मी सकाळी नऊला येते. लेबलांचा रोल आणि जाड मार्कर आणते, तू फक्त मालाची यादी छापून ठेव. एक रांग आपण दोघी मोजून काढू. आकडा वहीशी जुळला नाही तरी चेहरा पाडायचा नाही, आणि उपाशीपोटी थांबायचं नाही. डबा मी घेऊन येतेय.