शाईवांचून छपाई

दुकानांतून मिळालेली पावती घरीं आणली म्हणजे तिच्या गुळगुळीत बाजूवर नखानें जोरानें घासून पाहा. करडी रेघ उमटल्यास तो कागद औष्णिक छपाईचा समजावा. नखांत शाई नव्हती. घर्षणाची उष्णता मात्र होती. मालाच्या पुड्यांवर, टपालाच्या पार्सलांवर व रक्ताच्या नळ्यांवर जीं लेबलें चिकटवितात, तीं छापणारें यंत्रहि उष्णतेवरच चालतें. इंटिग्रेटेड सर्किटच्या शोधाबद्दल २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे जॅक किल्बी यांचा या छपाईच्या शोधांतहि वाटा होता.

या कागदावर एक रंगहीन रंजक द्रव्य व एक सौम्य आम्लधर्मी द्रव्य यांचा लेप असतो. थंड असतां तीं शेजारीं शेजारीं स्वस्थ राहतात. ताप लागतांच वितळून एकत्र होतात व काळा रंग प्रकट होतो. ताप देण्याचें काम ‘हेड’चें. त्यावर सूक्ष्म तापबिंदूंची एक ओळ असते. सामान्य यंत्रांत दर मिलिमीटरास ८, म्हणजे १०४ मिलिमीटर रुंदीस ८३२. विजेनें हवे तेवढेच बिंदू क्षणभर तापतात, रबरी रूळ कागद किंचित् पुढें सरकवितो, कीं लगेच पुढली ओळ. कापड विणावें तसें अक्षर तयार होतें.

परंतु जी उष्णता अक्षर उमटविते, तीच पुढें त्याचा घात करिते. तापल्या जागीं कागद काळवंडतो. प्रकाशानें व तेलानें अक्षरें विटतात. म्हणून मिक्सरच्या हमीची पावती अशा कागदावर असल्यास पालकांनीं तिची छायाप्रत काढून ठेवावी. पार्सलावरील लेबल आठवडाभर टिकलें तरी पुरे. पण रक्ताच्या नळीवरील नांव उडालें, तर तें रक्त कोणाचें हें कोण सांगणार? अशा कामीं दुसरा प्रकार योजितात. हेड व लेबल यांच्यामधून मेणाचा किंवा राळेचा काळा लेप दिलेली फीत जाते, व तापलेल्या ठिकाणचा लेप लेबलावर बसतो. राळेची फीत महाग, पण ती घासणें व रसायनें पुष्कळ सोसते.

यंत्रास जोडावयाचीं उपांगें वेगळी किंमत देऊन मिळतात. एक लेबल कापतें, एक पाठीमागील कागदापासून सोलून हातांत देतें, एक छापलेलीं लेबलें गुंडाळून ठेवितें. आणखी एक लेबलांतील सूक्ष्म चकतींत रेडिओलहरींनीं माहिती भरतें. सुटीं लेबलें हातानेंहि सहज निघतात; लहान दुकानदारानें कापणीच्या उपांगास भुलूं नये. अखंड कागद वापरणारास मात्र तें हवेंच.

त्यापेक्षां हेडची निगा अधिक मोलाची. एक बिंदू निकामी झाला, तर छपाईंत उभी पांढरी रेघ पडते. बारकोडच्या रेघा कागदाच्या चालीच्या दिशेनें असल्यास एखादी बारीक रेघ तींत सबंध गडप होते व यंत्रास बारकोड वाचतां येत नाहीं. त्याच रेघा आडव्या छापल्या, तर पांढरी रेघ सर्वांना छेदून जाते, पण तिच्या दोन्ही अंगांस वाचण्यापुरती छपाई शाबूत राहते.