संरक्षण संशोधनाचा सरकारी निधी आणि आपला छोटा कारखाना

मुरबाड-शहापूरच्या माणसाला सिद्धगडाची ओळख करून द्यावी लागत नाही. 2 जानेवारी 1943 रोजी या गडाच्या जंगलात भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले, कारण ते कारखाने परक्या सरकारच्या युद्धासाठी राबत होते. आज संरक्षण खाते आपल्याच देशाचे आहे आणि त्याचा खर्च आपण भरलेल्या करांतून चालतो. त्या खर्चातला काही भाग नवे तंत्र शोधणाऱ्या लहान उद्योगांना अनुदान म्हणून मिळू शकतो. ही गोष्ट आपल्या लेथवाल्या, वेल्डर, रबर मोल्डिंगवाल्या आणि पॉवरलूमवाल्या बांधवांपर्यंत फारशी पोचलेली नाही. म्हणून हा लेख.

संशोधन म्हटले की बंगळूर-हैदराबाद डोळ्यांसमोर येते. वास्तविक ते आपल्याच जिल्ह्यातही चालते. मुरबाडहून बारवी धरणाच्या रस्त्याने बदलापूरला उतरले की पुढे अंबरनाथ. तेथे डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. जहाजाला गंज लागू नये म्हणून लेप, रबर, पॉलिमर, धातू अशा विषयांवर तेथे काम होते. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी वारंवार पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि तेवढ्यात ती शत्रूच्या नजरेत येते. यावर उपाय म्हणून या प्रयोगशाळेने हायड्रोजन व ऑक्सिजनपासून वीज बनवणारी यंत्रणा तयार केली. लागणारा हायड्रोजनही पाणबुडीवरच तयार होतो. मार्च 2021 मध्ये या यंत्रणेची जमिनीवरील चाचणी यशस्वी झाली. लार्सन अँड टुब्रो आणि थरमॅक्स हे दोन खासगी उद्योग या कामात भागीदार होते.

संशोधक, कारखानदार आणि सरकारी पैसा यांच्या अशा एकत्र कामालाच सहयोगी संशोधन म्हणतात. युरोपीय संघाने 2021 ते 2027 या काळासाठी सुमारे 8 अब्ज युरोचा संरक्षण निधी ठेवला आहे. तेथे साधारणपणे किमान तीन देशांतील तीन संस्था एकत्र आल्याशिवाय अर्जच घेतला जात नाही. खर्च मोठा व यशाची खात्री कमी, म्हणून जोखीम वाटून घ्यायची, हा त्यामागचा हिशेब.

आपल्याकडे काय मिळते?

पहिली योजना तंत्रज्ञान विकास निधीची, म्हणजे टीडीएफची. 2014-15 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 100 कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. ती डीआरडीओमार्फत राबवली जाते. लष्कराला किंवा प्रयोगशाळेला हवी असलेली वस्तू संकेतस्थळावर जाहीर होते आणि ती बनवू शकणाऱ्या भारतीय उद्योगाने अर्ज करायचा असतो. प्रकल्प खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. प्रति प्रकल्प 10 कोटींची मर्यादा 2022 मध्ये 50 कोटी झाली. मुदत जास्तीत जास्त चार वर्षांची. महाविद्यालयाला सोबत घेता येते, परंतु त्याचा वाटा एकूण कामाच्या 40 टक्क्यांहून अधिक असू नये. तयार झालेल्या तंत्रावर डीआरडीओ आणि उद्योग यांची संयुक्त मालकी राहते.

दुसरी योजना आयडेक्स. ती एप्रिल 2018 मध्ये सुरू झाली. सेनादले आपल्या अडचणी स्पर्धेच्या रूपाने मांडतात. नवउद्योग, लघुउद्योग किंवा एकटा कल्पक माणूसही उत्तर देऊ शकतो. मूळ योजनेत नमुना बनवण्यासाठी दीड कोटीपर्यंत अनुदान आहे, मात्र जेवढे अनुदान तेवढाच स्वतःचा वाटा घालावा लागतो. याखेरीज 2022-23 च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीचा 25 टक्के भाग उद्योग, नवउद्योग व शिक्षणसंस्थांसाठी खुला केल्याची घोषणा झाली होती.

आकडे मांडून पाहू. एक कोटीचा प्रकल्प टीडीएफमध्ये पूर्ण 90 टक्क्यांनी मंजूर झाला तर 90 लाख सरकारचे आणि 10 लाख आपले. आयडेक्समध्ये 60 लाखांचा नमुना असेल तर 30 लाख आपल्याला उभे करावे लागतील. शिवाय अनुदान एकरकमी हाती पडत नाही. टप्पा पूर्ण झाला, तपासणी झाली, की पुढचा हप्ता. दरम्यान कामगारांचा पगार आणि मालाचे पैसे थांबत नाहीत. या जागी खेळते भांडवल नसलेला माणूस अडकतो.

व्याजाचा प्रश्न

अनुदान हे कर्ज नव्हे, त्यावर व्याज नाही. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या आपल्या बांधवांसाठी ही मोठी सोय आहे. पण आपला वाटा व्याजी कर्जाने उभा केला तर ती सोय संपते. त्याऐवजी नफा-तोट्यात सहभागी होणारा भागीदार घ्यावा. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे कसब, ही पद्धत आपल्या व्यापारात जुनीच आहे. मात्र करार लेखी हवा. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचे व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, हे आपण जाणतो. तरीही सख्ख्या भावांचे कारखाने तोंडी हिशेबावर चालतात आणि पुढे त्यातूनच वाद उभे राहतात. शंका असल्यास जाणकार आलिमांचा सल्ला घ्यावा.

शस्त्रनिर्मितीत हात असावा का, असाही प्रश्न काही बांधव विचारतात. त्यांनी लक्षात घ्यावे की या संशोधनात लेप, कापड, गाळण्या, सील, संवेदक असे पुष्कळ काही येते. अंबरनाथच्या याच प्रयोगशाळेने पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक काढणारी गाळणी तयार केली. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या सहकाऱ्यांनी क्षेपणास्त्रासाठी बनवलेल्या हलक्या पदार्थापासून पोलिओग्रस्त मुलांसाठी कॅलिपर बनवले आणि काही किलोंचे वजन काहीशे ग्रॅमवर आणले. कलाम हे रामेश्वरमच्या नाव बांधणाऱ्या पित्याचे पुत्र होते. कारागिराचे घर आणि प्रयोगशाळा यांत फार अंतर नसते.

सुरुवात कशी करावी?

मुरबाड एमआयडीसीतील दोन लेथ असलेल्या माणसाने एकट्याने पाणबुडीच्या यंत्रणेला हात घालू नये. झडपेचा एक भाग, एक सील, एक साचा असे काम पकडावे. समजा, समुद्राच्या पाण्यात टिकणारी झडप हवी आहे. मुरबाडचा लेथवाला धातूचा भाग करील, भिवंडीचा रबरवाला सील करील, कल्याणकडील एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय चाचणी व अहवाल सांभाळील. तिघांपैकी कागदपत्रे ज्याची पक्की, त्याच्या नावे अर्ज करावा आणि बाकीच्यांचा वाटा करारात लिहावा. आपला माल मोठ्या उद्योगाला पुरवून त्याच्या हाताखाली सुरुवात करणे हाही कमीपणा नाही.

त्याआधी घरची तयारी हवी. उद्यम नोंदणी विनामूल्य होते, ती आजच करावी. जीएसटी, आयकर विवरण आणि मागील तीन वर्षांचे ताळेबंद नीट लावावेत. प्रत्येक कामाचे ड्रॉइंग, वापरलेल्या धातूचा दाखला आणि मापांची नोंद जपावी. मायक्रोमीटर वेळोवेळी प्रमाणित करून घ्यावा. आपल्या उस्तादांच्या हातात जे मोजमाप आहे ते खरेच असते, परंतु तपासनीस हात पाहत नाही, तो वही पाहतो. वही नसल्यामुळे चांगले कारागीर पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या नावावर माल बनवत राहिले आहेत.

दोन्ही योजनांचे अर्ज सरकारी संकेतस्थळांवर भरता येतात. टक्केवारी घेऊन अनुदान मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे. घरातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला महिन्यातून एकदा जाहीर झालेल्या मागण्यांची यादी वाचायला बसवावे आणि आपल्या यंत्रावर होण्याजोगी एक तरी वस्तू निवडावी. सगळ्याच अर्जांना यश येत नाही. पण अर्जासाठी लावलेले हिशेब, नोंदी आणि करार कारखान्यातच राहतात, आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकासमोर ते कामाला येतात. मेहनत आपली, बरकत देणारा अल्लाह.