मनाचे दुखणे आणि भाषा

चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार ‘मी निराश आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘डोके जड होते’, ‘छातीत धडधडते’, ‘झोप लागत नाही’ असे सांगतो. ही लपवाछपवी नव्हे. मराठीत मनाचे दुखणे अनेकदा शरीराच्या शब्दांत बोलते. म्हणून तो आधी जवळच्या दवाखान्यात जातो. तपासणीत दोष आढळला नाही, की मानसोपचाराचा सल्ला मिळतो. तेथे ‘वेडा’ हा शब्द वाट अडवतो. ‘कशात मन रमत नाही’ एवढे सांगणेही पुरेसा आरंभ असतो. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर ते विनामूल्य सांगता येते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील असे पाच वाक्प्रयोग नोंदवा. त्यांत शरीराचे कोणते अवयव येतात?