कानी येणारे आवाज आणि मेंदूतील जोडण्या

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्च आणि कार्यवृत्तांताबरोबर एखाद्या आजाराविषयी माहितीपर लेख देण्याचा प्रघात आहे. यंदा विश्वस्त मंडळाने मानसिक आजाराचा विषय सुचविला व लेखनाचे काम प्रस्तुत लेखकाकडे सोपविले. लेखक डॉक्टर नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तथापि रुग्णालयाच्या कार्यालयात बसणाऱ्यास डॉक्टरांइतकेच नातेवाईकही भेटतात, आणि त्यांचे प्रश्न बहुधा डॉक्टरांच्या खोलीबाहेर आल्यावरच सुचतात.

त्यांतील एक प्रश्न असा : "साहेब, मुलगा सांगतो की माणसे बोलतात. आम्हांला तर काही ऐकू येत नाही. मग खोटे कोण?"

खोटे कोणीच नाही. ज्या आजारात हे प्रामुख्याने घडते त्यास स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिले. एका देहात दोन व्यक्ती असा त्याचा अर्थ सिनेमांनी रूढ केला असला तरी तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे ३०० माणसांमागे एकास हा आजार असतो. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. म्हणजे आपल्या जिल्ह्यात असे २,८०० च्या आसपास रुग्ण असावेत. ही गणती नव्हे, केवळ हिशेब आहे. पण हा आकडा मनात धरून वाडीवाडीतून फिरले असता "आमच्याकडे असले काही नाही" हे वाक्य निराळे ऐकू येते.

आजार बहुधा ऐन उमेदीत, विशी-पंचविशीच्या सुमारास उघड होतो. स्त्रियांमध्ये काही वर्षे उशिराही होतो. शिकलेला, मुंबईस नोकरीला लागलेला मुलगा अकस्मात गावी परततो, खोलीचे दार लावून बसतो, एकटाच पुटपुटतो. बहुसंख्य रुग्णांना आवाज ऐकू येतात. कधी दोघे-तिघे आपापसांत त्याच्याविषयी बोलतात, कधी एखादा त्याच्या प्रत्येक हालचालीचे वर्णन करीत राहतो. मालवणी मुलखात ते आवाज मालवणीतच बोलतात : "बघ, उठलो. आता पाणी पिता. ह्येका काय जमाचा नाय." अशा बोलण्याखाली दिवसरात्र राहावयाचे म्हणजे काय, याची कल्पना आपण करून पाहावी.

हे आवाज येतात कोठून? याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना एका साध्या जीवाची मदत झाली. पावसाळ्यात आपल्या परसात रातकिड्यांचा गजर किती मोठा असतो हे सांगावयास नको. मग स्वतःच्याच आवाजाने रातकिडा बहिरा कसा होत नाही? २००६ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की, रातकिडा पंख घासून आवाज काढतो त्याच क्षणी त्याच्या शरीरातील एक विशिष्ट मज्जापेशी श्रवणयंत्रणेला सूचना पोहोचविते : हा आवाज आपलाच आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे.

माणसातही अशी व्यवस्था आहे. आपण स्वतःला गुदगुल्या करून घेऊ शकत नाही, याचे कारण तेच. हात हलण्यापूर्वीच मेंदूने स्पर्शाची पूर्वसूचना दिलेली असते. लंडन येथील संशोधकांनी २००० साली असे प्रयोग प्रसिद्ध केले. भास होणाऱ्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श आणि परक्याचा स्पर्श यांतील फरक इतरांसारखा जाणवत नव्हता. अमेरिकेतील ज्युडिथ फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजल्या. निरोगी माणूस बोलत असताना त्याच्या श्रवणकेंद्राचा प्रतिसाद मंदावतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हे मंदावणे कमी आढळले.

आम्हां हिशेबाच्या लोकांना ही गोष्ट चटकन समजते. मुख्य कार्यालय शाखेकडे माल पाठविते तेव्हा त्यासोबत सूचनापत्र जाते. माल पोहोचला आणि सूचनापत्र वाटेत गहाळ झाले, तर शाखेतील कारकून काय करील? माल खरा आहे, समोर पडला आहे, परंतु कोणी पाठविला हे कळत नाही. तो त्याची नोंद उचंत खात्यात करतो, किंवा भलत्याच व्यापाऱ्याच्या नावे टाकतो. मनातल्या मनात आपण सर्वच अखंड बोलत असतो. ते बोलणे आपलेच आहे ही सूचना श्रवणकेंद्राकडे वेळेवर पोहोचली नाही, तर ते परक्याच्या नावे जमा होते. शेजाऱ्याच्या, मृत आजोबांच्या, पोलिसांच्या किंवा देवचाराच्या. आवाज येत असताना मेंदूतील बोलण्याशी संबंधित ब्रोका या भागातील रक्तप्रवाह वाढलेला असतो, असे लंडनच्या फिलिप मॅकग्वायर यांच्या गटाने १९९३ साली दाखविले. बोलण्याचा भाग आणि ऐकण्याचा भाग यांना जोडणारा मज्जातंतूंचा धनुष्याकृती जुडगा डाव्या कानाच्या वरच्या बाजूने आत जातो. आवाज ऐकणाऱ्या रुग्णांत त्याच्या तंतूंची रचना निराळी आढळल्याचे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००४ साली नोंदविले. दोष एका जागेपेक्षा जोडण्यांत असावा, ही कल्पना कार्ल वेर्निके यांच्या काळापासूनची. तिला १९९५ च्या सुमारास पुन्हा चालना मिळाली. सर्व आवाजांचे कोडे एवढ्याने सुटले असे मात्र शास्त्रज्ञही म्हणत नाहीत.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. हे वाचून कोणी रुग्णाचा एमआरआय काढण्यासाठी कर्ज काढू नये. वरील निष्कर्ष अनेक रुग्णांच्या सरासरीचे आहेत. पन्नास दुकानांच्या सरासरीवरून एका दुकानाचा नफा सांगता येत नाही, तसेच हे. एकट्या रुग्णाचे चित्र बहुधा सर्वसाधारणच येते आणि मग घरचे म्हणतात, "मशीनमध्ये काही नाही, म्हणजे नाटक करतो." दुसरा आजार वगळण्यासाठी डॉक्टरांनी सांगितले तर तपासणी अवश्य करावी, आवाजाची जागा शोधण्यासाठी नको.

आवाज काय बोलतात, यावर भोवतालच्या समाजाचाही ठसा असतो. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातील आक्रा आणि आपल्याकडील चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांशी संवाद साधला. अमेरिकन रुग्णांचे आवाज बहुधा हिंसक व परके होते; चेन्नईतील अनेकांना आप्तांचे आवाज येत आणि ते घरकाम कर, आंघोळ कर असे सांगत, रागेही भरत. आपल्या कोकणात तर देव, पूर्वज आणि गाऱ्हाणे यांचे स्थान मोठे आहे. कौल घ्यावयाचा असेल त्यांनी घ्यावा, त्यास कोणाची हरकत नाही. पण त्यापायी औषध लांबणीवर टाकू नये. भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णास मारहाण करणे किंवा साखळीने बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

औषधे १९५० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचा प्रभाव ती कमी करतात आणि बहुसंख्य रुग्णांचे आवाज काही आठवड्यांत मंदावतात. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना नेहमीच्या औषधांचा पुरेसा गुण येत नाही. त्यांच्यासाठी क्लोझापिन आहे, मात्र त्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी करावी लागते. आम्ही पाहतो ती अडचण निराळी. बरे वाटू लागले की गोळी बंद होते, कधी लग्न जुळवायचे म्हणून, कधी एसटीचा खर्च नको म्हणून, आणि आवाज परततात. देणगीदारांना यंत्रसामग्रीवर आपल्या वडिलांचे नाव कोरलेले आवडते, ते स्वाभाविकच आहे. परंतु एका रुग्णाची वर्षभराची गोळी आणि प्रवासभाडे यांवर पाटी लावता येत नाही, आणि मागे पडते ते हेच.

घरच्यांचा भार कोणी ओळखला याचे एक उदाहरण मराठी माणसाचेच आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा हा आजार जवळून पाहिला आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. त्यांच्याच पाठबळाने सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी २००४ साली 'देवराई' हा चित्रपट केला. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला त्यातील नायक आपल्या कोकणातलाच आहे. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी तो एकत्र बसून जरूर पाहावा.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यान्वये शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही विमा देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. पॉलिसी असणाऱ्यांनी हे तपासून घ्यावे. शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरी येथे आहे, आणि दक्षिणेकडील तालुक्यांना गोव्यातील बांबोळीची मनोविकार संस्था जवळ पडते. केंद्र शासनाची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. रुग्ण स्वतः येण्यास तयार नसेल तर प्रथम घरातील एकाने येऊन बोलावे. येताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि आवाज केव्हापासून येतात याची तारीखवार टिपणे सोबत आणावीत.