तुटणाऱ्या कणांची धार

सुरी-कात्रीला धार लावणारा कारागीर पायाने चाक फिरवून त्यावर पाते टेकवितो, तेव्हा ठिणग्यांचे कारंजे उडते. या ठिणग्या दगडाच्या आहेत, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्या पोलादाच्या असतात. चाकाच्या पृष्ठभागावरील असंख्य कठीण कण पात्याचा अतिसूक्ष्म कीस काढतात आणि तो तापलेला कीस हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळतो. शाणचक्र पोलाद नुसते घाशीत नाही, ते कापते. त्यातील प्रत्येक कण म्हणजे एक इवलीशी छिन्नीच होय.

अशा कणांना अपघर्षक म्हणतात. भारतात प्राचीन काळापासून यासाठी कुरुंद वापरला जात असे. कुरुंद म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइड. संस्कृत ‘कुरुविंद’ आणि तमिळ ‘कुरुंदम्’ या शब्दांच्या कुळातूनच त्याचे ‘कोरंडम’ हे इंग्रजी नाव आले. मोहस् यांच्या काठिण्य-मापात हिऱ्याचा अंक 10, तर कुरुंदाचा 9 आहे.

1891 साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांनी चिकणमाती व कोक यांचे मिश्रण विजेने तापविले, तेव्हा त्यांना चकाकणारे कठीण स्फटिक मिळाले. ते कार्बन व कुरुंद यांचे संयुग असावे असे समजून त्यांनी त्यास ‘कार्बोरंडम’ नाव दिले. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होते. पुढे बॉक्साइट विजेच्या भट्टीत 2000 अंश सेल्सिअसहून अधिक तापमानास वितळवून कृत्रिम कुरुंदही तयार होऊ लागला. वितळलेला रस थिजला की त्याचा गड्डा फोडून कण पाडीत.

यावरून जितका कण कठीण तितका तो चांगला, असे वाटेल. पण तसे नाही. सिलिकॉन कार्बाइड कुरुंदाहून कठीण आहे. तथापि पोलाद कापताना तेच लवकर झिजते, कारण तापलेल्या लोखंडाशी त्याची रासायनिक क्रिया होते. म्हणून पोलादासाठी मुख्यतः कुरुंदाचेच कण वापरतात.

त्यांच्यापुढेही एक अडचण उभी राहते. कापता कापता कणाचे टोक झिजून सपाट होते. मग तो कापण्याऐवजी केवळ घासतो आणि घर्षणाची उष्णता पोलादात शिरते. पाणी देऊन कठीण केलेल्या बेअरिंगच्या कड्याचा पृष्ठभाग अशा वेळी मऊ पडतो. उष्णता आणखी वाढल्यास तेथे ठिसूळ थर बनतो व बारीक चिरा पडतात. वरून कडे चकचकीत दिसते. अम्लाने धुतल्यावरच जळालेले डाग उघड होतात. तसे कडे यंत्रात बसले, तर ते अकाली निकामी होते.

बोथट कणावर दाब वाढतो, त्या दाबाने तो तुटतो आणि नवी धार उघडी पडते. शाणचक्राचे सारे सामर्थ्य या तुटण्यातच आहे. परंतु वितळवून केलेला कण एका किंवा थोड्याच मोठ्या स्फटिकांचा असतो. तो बराच काळ बोथट राहतो आणि तुटतो तेव्हा मोठा तुकडाच गळतो. मग कामगाराला यंत्र थांबवून, हिऱ्याच्या टोकाने चाक खरडून पुन्हा धारदार करावे लागते. चाकाचा मोठा भाग अशा खरडण्यातच वाया जातो.

यावरील उपाय म्हणजे सिरॅमिक कण. 1981 साली अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने ते बाजारात आणले. त्याच दशकात नॉर्टन कंपनीने असे कण शाणचक्रांसाठी तयार केले. येथे ॲल्युमिना वितळवीत नाहीत. ॲल्युमिनियमच्या जलयुक्त ऑक्साइडची बारीक पूड अम्लयुक्त पाण्यात कालवून खळ बनवितात. ती घट्ट झाली की वाळवून फोडतात आणि वितळणबिंदूच्या पुष्कळ खाली भट्टीत भाजतात. नॉर्टनच्या पद्धतीत कुरुंदाचे अतिसूक्ष्म बीजकण आधीच मिसळतात, त्यामुळे स्फटिक एकसारखे लहान राहतात. त्यांचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एका तृतीयांश मिलिमीटरच्या कणात असे कोट्यवधी स्फटिक मावतात.

काठिण्याची बाब सोडली, तर खडीसाखर आणि गूळ यांतील फरक येथे आठवावा. खडीसाखरेचा खडा सपाट पृष्ठांवर दुभंगतो. गुळाची ढेप किसली तर बारीक भुगा पडतो. सिरॅमिक कणात चीर प्रत्येक स्फटिकाच्या सीमेशी अडखळते. त्यामुळे मोठा तुकडा न पडता सूक्ष्म कपच्या निघतात आणि धार पुन्हा पुन्हा ताजी होते. पोलाद थंड राहते व चाक अधिक टिकते.

मात्र हा कण सर्वत्र उपयोगी पडत नाही. त्याला तुटण्यास पुरेसा दाब लागतो. हलक्या कामात किंवा दुबळ्या यंत्रावर तो दाब मिळत नाही. कण तसाच बोथट होतो आणि काम जाळतो. शिवाय तो महागही असतो. म्हणून शाणचक्रात बहुधा 10 ते 50 टक्के सिरॅमिक कण आणि उरलेला पांढरा कुरुंद असे मिश्रण करतात. कण निवडताना तो किती कठीण आहे, एवढेच पाहून भागत नाही. हाती असलेल्या यंत्राच्या दाबाखाली तो कसा तुटेल, हेही पाहावे लागते.