वजनाची वजावाट

गायक आपला गळा घेऊन येतो, गिटारवादक वाद्य पाठीला लावून येतो, आणि बेस गिटार वाजविणारा मात्र चार किलोच्या वाद्यापायी चाळीस किलोचा ॲम्प्लिफायर ओढीत रंगमंदिराच्या मागील जिन्याने धापा टाकीत वर चढतो, ही आमच्या व्यवसायातील जुनी कैफियत होती. गेल्या दोन दशकांत खांद्यावरच्या पिशवीत मावतील असे दीड-दोन किलोचे ॲम्प्लिफायर मुबलक मिळू लागल्यापासून ती निकालात निघाल्यासारखी दिसते खरी. तथापि मुंबई-पुण्याचे ऑर्केस्ट्रा, गणेशोत्सवाचे मांडव, लग्नाचे स्वागतसमारंभ आणि गोव्यातील फेस्तांचे नाच यांतून बेस वाजवीत आल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे, की वजन कमी झाले एवढ्यावर संतोष न मानता ते नेमके कोणत्या खात्यातून वजा केले आहे, याची रुजवात घातल्यावाचून कोणीही पैसे मोजू नयेत. वजन कमी करण्याची ठिकाणे तीनच: विजेचा पुरवठा, स्पीकरचे लोहचुंबक आणि लाकडी पेटी. पहिली वजावाट निर्दोष आहे, दुसरी महाग आहे, आणि तिसरी, जिच्याविषयी दुकानदार सहसा मौन पाळतो, ती बहुधा आपल्या स्वरांतून वसूल केली जाते.

मुळात हे ओझे आले कोठून, हे पाहिले म्हणजे पुढचा हिशेब सोपा जातो. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्याच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदास सुमारे ४१ कंपनांचा. पुढे पाच तारांचा बेस रूढ झाल्यावर तो ३१ कंपनांपर्यंत खाली उतरला. इतका खर्जातला स्वर हजारोंच्या जमावापर्यंत पोहोचविण्यास शक्ती अफाट लागते. अमेरिकेतील अँपेग कंपनीने १९६९ साली काढलेला, आणि त्याच वर्षीच्या दौऱ्यात रोलिंग स्टोन्सच्या मंडळींनी बाजारात येण्यापूर्वीच वापरलेला एसव्हीटी हा ॲम्प्लिफायर ३०० वॅटचा होता. त्याचे नुसते हेड, म्हणजे स्पीकरवाचूनचे यंत्र, ३८ किलोंच्या आसपास भरे, आणि दहा इंची आठ स्पीकर बसविलेली त्याची पेटी ६० किलोंच्या वर जाई.

हेडच्या त्या वजनात मोठा वाटा असे तो ट्रान्सफॉर्मरमधील लोखंडाचा आणि तांब्याचा. आपल्या घरी येणारी वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते, आणि आवर्तने जितकी कमी तितका ट्रान्सफॉर्मरचा गाभा मोठा ठेवावा लागतो. नव्या यंत्रांत हीच वीज आधी एकदिश करून, मग सेकंदास लाखाच्या घरात तिचे तुकडे पाडून ट्रान्सफॉर्मरला देतात, म्हणून तो तळहातावर मावेल इतका लहान होतो. शिवाय क्लास डी पद्धतीत ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असल्याने उष्णता फारच थोडी निर्माण होते, आणि ती बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे अवजड पंखही गाळता येतात. गॅलियन-क्रूगर कंपनीचा २०० वॅटचा एमबी-२०० किलोभर वजनाचा आहे, तर ट्रेस एलियट कंपनीचा तितक्याच वॅटचा एल्फ पाऊण किलोसुद्धा भरत नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रातला तो उबदार नाद यांत नाही, अशी हळहळ जुनी मंडळी करतात, आणि एकान्तात वाजविताना ती मला पटतेही. परंतु ऑक्टोपॅड, ढोलकी आणि दोन कीबोर्ड यांच्या गदारोळात तो फरक ओळखून दाखविणारा श्रोता मला अद्याप भेटावयाचा आहे. सबब हेड हलके घेण्यास माझी यत्किंचितही हरकत नाही. एवढी मात्र ताकीद, की असले हेड पेटीवर ठेवल्यावर खर्जाच्या थरथराटाने इंच-इंच सरकत जाते, आणि एका लावणीच्या ऐन झाल्यात माझे हेड मागच्या बाजूने खाली लोंबकळलेले मी पाहिले आहे, तेही केवळ स्पीकरच्या वायरीच्या आधाराने. स्वयंपाकघरातील खणांत अंथरतात ती जाळीदार रबरी चटई हातभर कापून खाली घातली, की हा प्रश्न मिटतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एका नामांकित कंपनीचे ५०० वॅटचे हेड आणि त्याच्या जोडीची, साडेसहा इंची दोन स्पीकर असलेली चिमुकली पेटी, असा संच मजकडे काही काळ होता. दुकानाच्या बंदिस्त खोलीत त्याचा आवाज असा भरदार लागला, की शेजारचे गिऱ्हाईक मागे वळून पाहू लागले. तोच संच एका तालुक्याच्या गावी, गणेशोत्सवात, मोकळ्या मैदानावरील रंगमंचावर लावला असता पहिल्याच गाण्यात खालच्या तारेचे स्वर जणू जमिनीत जिरून गेले; बेसचे बटण मी उजवीकडे पिळीत नेले, तसा प्रत्येक आघातासरशी हेडवरचा लाल दिवा लकाकू लागला आणि आवाज वाढण्याऐवजी आक्रसू लागला. दोन गाण्यांमधल्या निवेदनाच्या वेळी आमच्या गायिकाबाई हळूच मागे सरकून म्हणाल्या, "दादा, आज बेस कुठं गेला हो? मला सूर धरायला काही मिळतच नाहीये."

माहितीपत्रकातील बारीक अक्षरे तपासता असे आढळले, की ते ५०० वॅट ४ ओहमच्या पेटीवर मिळावयाचे होते, आणि माझी पेटी ८ ओहमची असल्याने प्रत्यक्षात पदरात पडत होते ३०० च्या आसपास. पुष्कळ जण येथेच थांबतात आणि वॅटच्या नावाने बोटे मोडतात. परंतु हिशेब मांडून पाहिला तर ५०० आणि ३०० यांत अंतर पडते ते जेमतेम दोन डेसिबलचे, कानाला ओझरते जाणवेल इतकेच; शक्ती दुप्पट केल्याने ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास ती दसपट करावी लागते. तेव्हा खरा गुन्हेगार हेड नव्हते, पेटी होती.

स्पीकरच्या कागदावर एक आकडा असतो, त्याकडे आमच्या व्यवसायात कोणी ढुंकूनही पाहत नाही: एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, हा तो आकडा. ९१ डेसिबलची पेटी आणि ९७ डेसिबलची पेटी यांत जो ६ डेसिबलचा फरक आहे, तो भरून काढावयाचा तर चौपट वॅट लागतात. अमेरिकेतील ध्वनितज्ज्ञ अँटन हॉफमन, जे विख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव, यांच्या नावाने या क्षेत्रात एक लोहनियम सांगितला जातो: पेटी लहान, खर्ज खोल आणि आवाज मोठा, या तीन मागण्यांपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मान्य होतात, तिसरीवर पाणी सोडावे लागते. याला पैशाने लाच देता येत नाही. शिवाय एक सप्तक खाली तितकाच मोठा स्वर काढावयाचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावे लागते. साडेसहा इंची पडद्याची धाव ती किती असणार? म्हणून अशा पेटीसोबतच्या हेडमध्ये अगदी खालचे स्वर गुपचूप छाटून टाकण्याची तजवीज केलेली असते, आणि वरच्या उपस्वरांवरून आपला कान खालचा स्वर कल्पनेने पुरा करतो. बंद खोलीत भिंती व छत खर्जाला हातभार लावतात म्हणून ही मखलाशी खपून जाते. मैदानात भिंती नसतात, आणि अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल उडून जातात. त्यातच बेसचे बटण १२ डेसिबलने चढविणारा माणूस त्या स्वरांपुरती सोळापट शक्तीची मागणी करीत असतो, हे त्याच्या गावीही नसते. आवाज दबला असे वाटले तर बेस चढवू नये, ४०० ते ८०० कंपनांचा मधला पट्टा किंचित उचलावा. ढोलकीच्या आणि कीबोर्डच्या गर्दीतून बेस बाहेर येतो तो तेथूनच.

लोहचुंबकाची वजावाट त्या मानाने सरळ आहे. निओडिमियमचे चुंबक १९८० च्या दशकाच्या आरंभी जपान व अमेरिका येथे निपजले, आणि तितक्याच ताकदीसाठी ते जुन्या फेराइट चुंबकाहून पुष्कळच हलके असल्याने स्पीकरमागे किलो-दोन किलो सहज वाचतात. किंमत वाढते, स्वर घटत नाही. ऐपत असेल त्याने जरूर घ्यावे.

खरेदीस निघण्यापूर्वी मात्र एका प्रश्नाचा निकाल लावून घ्यावा, तो हा, की आपला ॲम्प्लिफायर ऐकणार कोण. मोठ्या मांडवात अठरा इंची स्पीकरांच्या भिंती उभ्या असतात, आणि आपला बेस डीआयमधून, म्हणजे थेट जोडणीच्या मार्गाने, तडक साउंडवाल्याच्या मिक्सरला जातो. तेथे रंगमंचावरील ॲम्प्लिफायर हा केवळ आपल्या व शेजाऱ्याच्या कानांसाठी असतो, आणि त्यास दहा-बारा किलोचा, १०० वॅटचा, बारा इंची स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे हेड आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला संच, पुरून उरतो. याउलट उपाहारगृहात, सोसायटीच्या गच्चीवर किंवा लहान सभागृहात जेथे ध्वनियंत्रणेवर फक्त गळे असतात, तेथे सगळा भार आपल्याच पेटीवर पडतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा कायदा २००० सालच्या नियमांपासून असल्याने उघड्यावरील कार्यक्रम आता लवकर आटोपतात, आणि घाईघाईत, साउंडचेकवाचून, पहिल्या गाण्यात उडी घ्यावी लागते; म्हणून डीआयचे बटण ‘प्री’वर आहे की ‘पोस्ट’वर, हे वाजविणाऱ्याला झोपेतही सांगता आले पाहिजे. पोस्टवर असताना आपण आपल्या सोयीसाठी फिरविलेले प्रत्येक बटण सबंध प्रेक्षागृहात ऐकू जाते, आणि साउंडवाल्याचा रोष ओढवतो तो निराळाच.

विजेविषयी लिहावे तितके थोडे. अमेरिकेतल्या भाच्याकरवी मागविलेला ॲम्प्लिफायर घेताना पाठीमागील पाटी वाचावी. ‘१००–२४० व्होल्ट’ असे लिहिले असेल तर प्रश्न नाही, पण नुसते ‘१२०’ असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर प्रथम लागेल तेव्हाच अखेरचा लागेल. याहून मोठे संकट जनरेटरचे. एका यात्रेत तीन फेजच्या जनरेटरचा न्यूट्रल ढिला होऊन सुटला, आणि आमच्या बाजूच्या सॉकेटांत २३० ऐवजी भलताच दाब चढला. कीबोर्ड व माझे हेड यांनी एकाच क्षणी राम म्हटला, जळक्या वासाने विंग भरून गेली. साउंडवाल्यांचा मिक्सर दुसऱ्या जनरेटरवर होता म्हणून बचावला, आणि पिशवीत साधी डीआय पेटी होती म्हणून उरलेला कार्यक्रम मी बेस थेट मिक्सरमध्ये घालून पार पाडला. तेव्हापासून यंत्र लावण्यापूर्वी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ असे दोन्ही दाब मोजण्याचा माझा शिरस्ता आहे. दुसरा आकडा चार-पाच व्होल्टच्या वर गेला, की वायरमनला हाक मारावयाची. ही यंत्रे एकदा जळली म्हणजे लॅमिंग्टन रोडवरील कसबी कारागीरही बहुधा हात वर करतो, कारण आतील सुटे भाग डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक असतात आणि सबंध बोर्डच बदलावे लागते. म्हणून हमीपत्र भारतात चालते काय आणि बोर्ड येथे मिळते काय, या दोन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात.

माझा स्वतःचा कौल असा: ४ ओहमपर्यंत चालणारे, ५०० वॅटच्या आसपासचे हलके हेड घ्यावे, त्याला प्रथम ८ ओहमची, बारा इंची निओडिमियम स्पीकरची, १२ ते १५ किलोंची एकच पेटी जोडावी, आणि पुढे जमेल तेव्हा तशीच दुसरी. लहान कार्यक्रमास एक न्यावी, मैदानावर दोन. दोन मिळून ४ ओहम होतात, हेडची सर्व शक्ती वापरात येते आणि पडद्याचे क्षेत्रफळ दुणावते. कोणतीही पेटी पसंत करण्यापूर्वी बेस पाठीला लावून ती एका हाताने उचलावी आणि दादर स्टेशनच्या पुलाचा जिना चढावयाचा आहे असे समजून दुकानात चार फेऱ्या माराव्या. मग आपलाच बेस जोडून, सर्व बटणे मध्यावर ठेवून, सर्वांत खालची तार कार्यक्रमात वाजवितो तितक्या जोराने वाजवावी, आणि शक्य असेल तर पेटी दुकानाबाहेरच्या अंगणात काढून पुन्हा ऐकावी. धोबीतलावापासून पणजीपर्यंत वाद्यांची दुकाने पुष्कळ आहेत. ही परीक्षा घेऊ देण्यास एखादा दुकानदार का-कू करू लागला, तर त्याचा नम्रपणे निरोप घेऊन पुढचे दुकान गाठावे.