घरी सगळं ऐकू येतं, मग तपासणीत 52 टक्केच का?

प्रश्न : माझे बाबा 66 वर्षांचे. ऐकणं हळूहळू गेलं, कानातल्या मशीननंही भागेना, म्हणून दीड वर्षापूर्वी कॉक्लियर इम्प्लांट बसवलं. घरी आमच्याशी छान बोलतात. तपासणीत मात्र बंद खोलीत एकेक शब्द ऐकवून म्हणायला लावतात. मागच्या वेळी 60 टक्के आले, या वेळी 52. बाबा म्हणतात, ‘नापास झालो.’ यंत्र बिघडलं का? आणि असे तुटक शब्द बोलतं तरी कोण?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कोणीच बोलत नाही, म्हणून तर ते ऐकवतात. घरात कोणी ‘चहात साखर जास्त झाली’ म्हणालं आणि नेमका तेव्हाच मिक्सर सुरू होऊन ‘साखर’ बुडाली, तरी बाबा वाक्य पुरं करतील. त्यात कानाचा वाटा थोडा. बाकीचं काम भाषेची सवय, समोरचे हलणारे ओठ आणि घरच्या चहाचा अनुभव यांनी उरकलेलं असतं.

तपासणीत हे आधार मुद्दाम काढून घेतात. शब्द ध्वनिमुद्रित असतात, त्यामुळे ओठ दिसत नाहीत आणि दर वेळी आवाजही तोच मिळतो. पातळी सहसा 60 डेसिबल, म्हणजे समोरासमोरच्या साध्या बोलण्याएवढी. दुसऱ्या कानाला थोडंफार ऐकू येत असेल, तर तो बंद करतात किंवा त्यात सळसळ सोडतात. इंग्रजीत यासाठी पीटरसन आणि लेहिस्ट यांच्या याद्या प्रचलित आहेत. प्रत्येक यादीत 50 छोटे शब्द, सगळे व्यंजन-स्वर-व्यंजन अशा बांधणीचे. इम्प्लांट घेतलेल्या प्रौढांची त्यांवरची सरासरी अनेक अभ्यासांत 60 टक्क्यांच्या आसपास येते. मराठी यादीचे गुण त्या आकड्याशी थेट ताडता येत नाहीत, पण पस्तीसला पास आणि शंभरला पहिला, असला हा हिशेबच नव्हे.

गुण याहून वर का जात नाहीत? निरोगी कानात आवाज मेंदूकडे पोचवणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे 3,500 असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचं काम 12 ते 22 इलेक्ट्रोडांवर येतं. शिवाय कानातल्या द्रवात वीज पसरते आणि शेजारच्या इलेक्ट्रोडांचे संदेश एकमेकांत मिसळतात. स्वर बऱ्यापैकी कळतात, ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरकही पुष्कळदा कळतो. हरवतो तो बारीक तपशील : ओठ मिटले, की जीभ दाताला लागली, की घशाकडे गेली. म्हणून पान, तान आणि कान यांत गोंधळ होतो. गंमत अशी, की कानाला जे सगळ्यात कमी कळतं तेच डोळ्यांना दिसतं. तुम्ही ‘पान’ म्हणताना ओठ मिटता, ते बाबा पाहतात. घरचं आणि तपासणीतलं अंतर बरंचसं इथेच आहे.

मग वाक्यं का नाहीत? असतात, पण त्यांचा धडा अमेरिकेत मिळालेला आहे. तिथे 1994 मध्ये आलेली ‘हिंट’ ही वाक्यांची चाचणी इम्प्लांटवाल्यांसाठी सर्रास शांत खोलीत वापरली जाई. वाक्यं सोपी, वाचणारा एकच आणि उच्चार स्वच्छ. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 28 टक्के लोकांना तिच्यात पैकीच्या पैकी गुण पडले. ऐकणं आणखी सुधारलं तरी आकडा हलायला जागाच नाही! पुढे ‘अ‍ॅझबायो’ वाक्यं आली : दोन पुरुष, दोन बायका, साध्या बोलण्याचा वेग, आणि संदर्भावरून अंदाज बांधायला फारसा वाव नाही.

आता तुमचे 60 आणि 52. यादी 50 शब्दांची असेल, तर हा फरक अवघ्या चार शब्दांचा. थॉर्नटन आणि रॅफिन यांनी 1978 मध्ये असल्या गुणांचं गणित मांडून दाखवलं. 50 शब्दांच्या यादीवर 50 टक्के मिळवणारा माणूस पुढच्या वेळी 32 ते 68 यांच्या दरम्यान कुठेही असला, तरी त्याच्या ऐकण्यात खरोखर बदल झाला असं म्हणता येत नाही. यादी 25 शब्दांची असली तर हा पट्टा आणखी रुंद होतो. एका घसरणीवरून यंत्राला दोष देऊ नका. लागोपाठ दोन-तीनदा गुण खाली आले, किंवा घरीही ‘काय?’ ‘काय?’ वाढलं, तर मात्र प्रोसेसरचा मायक्रोफोन, इलेक्ट्रोड आणि मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला द्यायच्या विजेची जुळवणी, तपासून घ्या.

एक शंका आपल्याकडची. बाबा एरवीही ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत असतील, तर तपासणीत ‘पानी’ म्हटल्याबद्दल गुण कापला जाता कामा नये. परीक्षा त्यांच्या कानाची आहे, प्रमाण मराठीची नव्हे. त्यांची बोली ऑडिओलॉजिस्टना आधीच सांगून ठेवा.

आणि गोंगाटातली चाचणी होते का, तेही विचारा. मागे माणसांच्या बोलण्याचा कालवा सोडून, तो बोलण्यापेक्षा 10 किंवा 5 डेसिबल हळू ठेवून वाक्यं ऐकवतात. लग्नाच्या पंगतीत बाबांचं काय होतं, याचा अंदाज शांत खोलीतल्या आकड्यापेक्षा तिथे जास्त येतो. चुकलेले शब्द विचारून घेऊन घरी घोकून घ्यायचा मोह मात्र आवरा. पाठ झालेली यादी पुन्हा तपासणीला उपयोगी पडत नाही, आणि अशा याद्या मुळातच मोजक्या असतात.